घड्याळाचा काटा येण्याआधी: फिरण्याच्या दिशेची नावे

उत्तर गोलार्धात आवर्ताचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने वाहतात. भूगोलाच्या पेपरात हे वाक्य लिहिताना निम्मी शाई दिशा सांगण्यातच खर्ची पडते. मराठीत या अर्थाचा सुटसुटीत शब्द आजही रूढ नाही, आणि हे जे लांबलचक शब्दप्रकरण आहे तेही फार जुने नाही. इंग्रजीतल्या क्लॉकवाइज आणि अँटिक्लॉकवाइजच्या मागोमाग ते आपल्याकडे आले, आणि इंग्रजीतही हे शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. युरोपात यांत्रिक घड्याळे चौदाव्या शतकापासून मनोऱ्यांवर चढली होती. तरी त्यांच्या काट्यावरून फिरण्याची दिशा सांगावी हे सुचायला चार-पाच शतके गेली. तोवर कुणाचे काही अडले नव्हते. लोक देवळांभोवती फिरत होते, दोर वळत होते, चाके फिरवत होते, आणि दिशेला नावेही होती. ती बहुतेक ठिकाणी सूर्यावरून किंवा हातावरून पडलेली होती.

मुळात ही गोष्ट सांगायला अवघड आहे. खाली म्हणजे जिकडे दगड पडतो तिकडे, एवढे पुरते. फिरण्याची दिशा मात्र कशाच्या तरी आधाराने सांगावी लागते, आणि शिवाय आपण कोणत्या बाजूने पाहतो हेही सांगावे लागते. पृथ्वी उत्तर ध्रुवावरून पाहिली तर काट्याच्या उलट फिरते, दक्षिण ध्रुवावरून पाहिली तर काट्याप्रमाणे. जगातले यच्चयावत शब्द यातली पहिली गोष्ट उघड सांगतात आणि दुसरी गिळून टाकतात. या शब्दांवरून जे घोळ झाले आणि जी भांडणे झाली, ती बहुतेक सगळी या गिळलेल्या भागावरून.

पूर्वेकडे तोंड करून

संस्कृतातली दिशांची नावे पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाने ठेवली आहेत. प्राची म्हणजे समोरची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. सूर्य समोर उगवतो, उजव्या अंगाने जातो आणि पाठीमागे मावळतो. देवाला उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती फिरणे ती प्रदक्षिणा, आणि ती सूर्याच्याच दिशेने पडते. एकाच शब्दात हात, दिशा आणि सूर्य असे तिन्ही बसले असल्यामुळे कुणाला वेगळी व्याख्या करावी लागली नाही.

उलट फिरण्याला अप्रदक्षिण किंवा प्रसव्य. हे फिरणे निषिद्ध नव्हते, त्याची जागा ठरलेली होती: पितरांची कार्ये, अंत्यविधी. चितेभोवतीचे फेरे म्हणूनच उलटे असतात. शंकराच्या देवळात तर दोन्ही दिशा एकाच प्रदक्षिणेत येतात. अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ ओलांडायची नाही, म्हणून तिच्यापर्यंत उजव्याने जायचे, तिथून मागे फिरायचे आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा पन्हळीपर्यंत येऊन परतायचे. ही सोमसूत्री प्रदक्षिणा. नर्मदा परिक्रमेचा नियमही अंतरात नव्हे, हातात सांगितलेला आहे: नदी कायम उजवीकडे, आणि पात्र मध्येच ओलांडायचे नाही. दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्रापर्यंत जायचे, नावेने पलीकडे उतरायचे आणि उत्तर तटाने परत. हजारो किलोमीटरच्या फेऱ्याला एवढी एक खूण पुरते. डोंगरातल्या वाटा सांगतानाही मराठीत "सुळका उजवा घालून जा", "गाव डावे टाकून पुढे निघा" असेच म्हणतात. नकाशा, होकायंत्र किंवा घड्याळ काही लागत नाही, आणि ऐकणारा चुकत नाही.

सव्य या शब्दाची गंमत वेगळीच आहे. संस्कृतात सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण सोडतो म्हणून अर्जुन सव्यसाची. जानवे डाव्या खांद्यावर असले की सव्य, उजव्या खांद्यावर घेतले की अपसव्य. देवकार्य सव्याने, पितृकार्य अपसव्याने. देवकार्य ते सरळ आणि पितृकार्य ते उलटे या जोडीमुळे सव्यला "सुलटा" हा अर्थ चिकटला, आणि सुलटा म्हणजे उजवा असे धरून कित्येक मराठी माणसे सव्यचा अर्थ चक्क उजवा असा सांगतात. श्राद्धाला बसलेल्या यजमानाला गुरुजी घटकेघटकेला "सव्य करा", "अपसव्य करा" सांगत राहतात आणि तो बिचारा जानवे इकडचे तिकडे करत बसतो. त्यातूनच सव्यापसव्य हा शब्द मराठीत खटाटोपाच्या अर्थाने आला: एका दाखल्यासाठी तीन कचेऱ्यांचे सव्यापसव्य. क्लॉकवाइजला सव्य म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. पण जो शब्द डावा आणि उजवा दोन्ही असू शकतो, तो यंत्राच्या माहितीपत्रकात न घातलेला बरा. हिंदीने दक्षिणावर्त आणि वामावर्त पाठ्यपुस्तकांत चालवले. ते निदान एका अर्थाचे आहेत.

सूर्यासोबत, सूर्यासमोर

पूर्वेकडे तोंड करून दिशा ठेवणारे आपण एकटे नाही. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या गेलिक भाषांत सूर्याच्या दिशेने फिरण्याला देशल म्हणतात (स्कॉटिश उच्चार जेशलच्या जवळ जातो) आणि उलट फिरण्याला तूअहल. देशलमधला "देस" म्हणजे उजवा, आणि त्याच शब्दाचा अर्थ दक्षिण. तूअहलमधला "तूअह" म्हणजे उत्तर, आणि डावाही. हा योगायोग नव्हे. गेलिकचा देस, लॅटिनचा डेक्स्टर, ग्रीकचा देक्सिओस आणि आपला दक्षिण ही एकाच मूळ शब्दाची नातवंडे. सलाइनच्या बाटलीवर जे डेक्स्ट्रोज लिहिलेले असते तेही याच घरातले. या साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश नेला तर त्याचे प्रतल उजवीकडे वळते, म्हणून ते नाव. अर्थात येणाऱ्या प्रकाशाकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या उजवीकडे. प्रकाशाच्या पाठीमागून पाहिले तर तीच साखर डावी ठरली असती.

देशल हा नुसता भाषेतला शब्द नव्हता. आयर्लंडमध्ये ओ'डॉनेल घराण्याकडे काथाख नावाची जुनी स्तोत्रपोथी होती. लढाईआधी ती सैन्याभोवती तीन वेळा उजव्या फेऱ्याने नेली की विजय मिळतो अशी श्रद्धा होती. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचे वर्णन मार्टिन मार्टिन याने १७०३ साली छापले. त्यात बाळंतिणीभोवती आणि बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या मुलाभोवती सकाळ-संध्याकाळ उजव्या हातात विस्तव घेऊन फिरण्याची चाल तो सांगतो, आणि नावाचा उलगडाही करतो: उजव्या हाताला जुन्या भाषेत देस म्हणतात, म्हणून ही फेरी देसिल. ओवाळण्याच्या इतक्या जवळची चाल अटलांटिकच्या काठावर सापडावी याचे नवल वाटते, पण आरतीशी तिचे थेट नाते जोडायला माझे मन धजत नाही. शब्दाचे नाते पक्के आहे, तेवढे पुरे.

स्कॉट्स भाषेतला विडरशिन्स हा उलट्या फेऱ्याचा शब्द उत्तर जर्मनीकडून आला. त्याचा मूळ अर्थ फक्त "विरुद्ध चालीने". १५१३ च्या सुमारास गॅव्हिन डग्लसने व्हर्जिलचे महाकाव्य स्कॉट्समध्ये आणले तेव्हा हा शब्द वापरला तो अंगावरचे केस उलटे उभे राहिले या अर्थाने. त्यात सूर्य नाही आणि फिरणेही नाही. पुढे या शब्दाच्या शेवटच्या भागात लोकांना सूर्य ऐकू येऊ लागला, शब्द सूर्याविरुद्धच्या फेऱ्याला जाऊन चिकटला, आणि चेटकिणींच्या गोष्टींत कायमचा राहिला.

उत्तर युरोपात हे सूर्यशब्द अजून जिवंत आहेत. फिनिश भाषेत काट्याच्या दिशेला म्योता-पाइवान म्हणतात आणि उलट दिशेला वास्ता-पाइवान. पाइवा म्हणजे दिवस, आणि जुन्या अर्थाने सूर्य. म्हणजे दिवसासोबत आणि दिवसासमोर. एस्टोनियनमध्ये हीच जोडी आहे. आइसलँडिकमध्ये रेट्सायलिस आणि रंगसायलिस, म्हणजे बरोबर-सूर्य आणि चूक-सूर्य. हेलसिंकीतला इलेक्ट्रिशियन बल्ब बसवताना आजही दिवसासोबत फिरवतो. स्वीडिशमध्ये मात्र बदल डोळ्यांदेखत झालेला दिसतो: जुने मेडसूल्स, म्हणजे सूर्यासोबत, मागे पडले आणि मेडऊर्स, म्हणजे घड्याळासोबत, पुढे आले. शब्दाचा सांगाडा तोच ठेवून फक्त सूर्याच्या जागी घड्याळ बसवले.

या दिशेवरून सर्वांत मोठे रामायण घडले ते रशियात. १४७९ साली मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये उस्पेन्स्की कॅथेड्रल बांधून झाले. इटलीहून बोलावलेल्या अरिस्तोतेले फिओरावान्ती या स्थपतीचे ते काम. प्रतिष्ठापनेच्या वेळी मेट्रोपॉलिटन, म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, गेरोन्ती क्रूस घेऊन मंदिराभोवती मिरवत गेला, तो सूर्याविरुद्ध. मॉस्कोचा राजा तिसरा इव्हान याला हे खटकले. त्याच्या मते मिरवणूक पोसोलोन हवी होती. "पो" म्हणजे प्रमाणे आणि "सोलोन" म्हणजे सूर्य. ग्रंथ चाळले गेले, पण स्पष्ट नियम कुठेच सापडेना. उलट बाजूने ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या मठांचा दाखला आला: तिथे सूर्याविरुद्धच फिरतात. इव्हान ऐकेना. त्याने नव्या चर्चच्या प्रतिष्ठापना थांबवल्या, गेरोन्ती आपले स्थान सोडून सिमोनोव मठात जाऊन बसला, आणि शेवटी १४८२ साली राजालाच नमते घ्यावे लागले.

प्रकरण तिथे मिटले नाही. रूढी पोसोलोनचीच राहिली, आणि १६५० च्या दशकात रशियन चर्चचा प्रमुख पॅट्रिआर्क निकोन याने ग्रीक पद्धतीशी मेळ घालण्यासाठी जे बदल केले त्यात मिरवणुकीची दिशा उलटवली. क्रूस काढताना दोन बोटे की तीन हा वाद जास्त गाजला, पण दिशेचा वादही त्याच यादीत होता. १६६६-६७ च्या धर्मसभेने जुन्या पद्धतींवर बहिष्कार घातला. त्या न सोडणारे, ज्यांना जुने आस्तिक म्हणतात, ते आजही चर्चभोवती सूर्यासोबत फिरतात. रोजच्या रशियनमध्ये आता "पो चासोवोय स्त्रेल्के" म्हणतात, म्हणजे घड्याळाच्या बाणाप्रमाणे. पोसोलोन हा शब्द राहिला आहे तो या भांडणापुरता.

दुसरीकडे

मक्केत काबाभोवतीचा तवाफ सात फेऱ्यांचा असतो आणि काबा डाव्या हाताला ठेवून केला जातो, म्हणजे वरून पाहिले तर काट्याच्या उलट. तिबेटात बौद्ध लोक स्तूप उजवीकडे ठेवतात आणि बोन पंथाचे लोक डावीकडे. कैलासाच्या वाटेवर दोघे समोरासमोर भेटतात. तिबेटी भाषेत या दोन फेऱ्यांना सरळ उजवा फेरा आणि डावा फेरा असेच म्हणतात, सूर्याचा संबंध नाही.

चीनमध्ये खरी मौज आहे. तिथला राजा दक्षिणेकडे तोंड करून बसे, तेव्हा पूर्व त्याच्या डाव्या हाताला. आकाशाचे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणे जुन्या चिनी ज्योतिषात "डावे फिरणे" ठरले, आणि सूर्य-चंद्राचे ताऱ्यांमधून हळूहळू पूर्वेकडे सरकणे "उजवे जाणे". जिन राजवटीच्या इतिहासग्रंथात यासाठी जात्याचा दाखला आहे: जाते डावीकडे फिरते, त्यावरची मुंगी उजवीकडे चालते, पण जात्याचा वेग जास्त म्हणून मुंगीही डावीकडेच वाहून जाताना दिसते. म्हणजे आपण ज्या फिरण्याला प्रदक्षिण म्हणतो तेच चिन्यांचे वाम. दोघांनी एकच आकाश पाहिले, फक्त तोंडे वेगळीकडे होती.

थायलंडमध्ये आपले शब्द जाऊन राहिले आहेत. उजव्या फेऱ्याला थाक्सिनावत, म्हणजे दक्षिणावर्त, आणि डाव्याला उत्तरावत, म्हणजे उत्तरावर्त. आपण वाम म्हणतो तिथे ते उत्तर म्हणतात, अगदी गेलिकसारखे. वैशाख पौर्णिमेला विहाराभोवती मेणबत्त्या घेऊन फिरतात ते दक्षिणावर्त, आणि प्रेतयात्रा चितेभोवती तीनदा फिरते ती उत्तरावर्त. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी राजे भूमिबोल यांच्या अंत्यसंस्कारात बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर मिरवणूक याच उलट्या दिशेने तीन वेळा फिरली. रोजच्या बोलण्यात मात्र थाई माणूसही "नालिकाच्या सुईप्रमाणे" म्हणतो. नालिका म्हणजे घड्याळ, आणि तो शब्द आपल्या नाडिकेचा: पाण्यावर सोडलेले भोकाचे भांडे बुडायला लागणारा वेळ, म्हणजे एक घटिका, २४ मिनिटे.

मराठी घड्याळाचे कूळही तेच. घटिकापात्र बुडाले की धातूच्या तबकडीवर ठोका पडायचा, आणि घड्याळ हे नाव आधी त्या ठोक्याच्या तबकडीचे. तासही तसाच, ठोकायच्या भांड्यावरून आलेला. ज्या वस्तूच्या काट्यावरून आपण दिशा सांगतो तिच्या नावात मुळात काटा नव्हताच.

काटा त्याच दिशेला का फिरतो

याचे नेहमीचे उत्तर असे: यांत्रिक घड्याळ उत्तर गोलार्धात घडले, तिथे जमिनीवर ठेवलेल्या छायायंत्राची सावली याच दिशेने सरकते, आणि कारागिरांनी काट्याला तीच चाल दिली. उत्तर पटण्यासारखे आहे, पण वाटते तितके निर्वेध नाही. छायायंत्र जमिनीवर असेल तरच सावली तशी जाते. युरोपात पुष्कळ छायायंत्रे चर्चच्या दक्षिण भिंतीवर असत, आणि भिंतीवरची सावली सकाळी डावीकडे, दुपारी खाली आणि संध्याकाळी उजवीकडे जाते, म्हणजे उलटी. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये आतल्या भिंतीवर पाओलो उच्चेल्लोने १४४३ साली रंगवलेली घड्याळाची मोठी तबकडी आहे. २४ तासांची, सूर्यास्तापासून मोजणारी, आणि तिचा काटा आजही उलटा फिरतो. तेव्हा एक दिशा सुरुवातीपासून ठरलेली होती असे म्हणवत नाही.

कर्कवृत्ताच्या अलीकडे तर जमिनीवरची सावलीही दगा देते, आणि सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या अलीकडेच आहे. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला शून्य सावलीचा दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. अंगणात काठी उभी रोवली तर मध्यान्हीची आखूड सावली दक्षिणेला पडते आणि पश्चिमेकडून दक्षिणेवरून पूर्वेकडे वळते. दिवाळीच्या सुमारास तीच काठी पाहा: सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेकडे, म्हणजे काट्याप्रमाणे. एकाच अंगणात, एकाच काठीची सावली ऋतूप्रमाणे दिशा बदलते. हे कुणाच्या फारसे लक्षात येत नाही, कारण जून-जुलैत आपल्याकडे दुपारी ऊन असलेच तर ढगांतून. बांधीव छायायंत्राची पट्टी ध्रुवाच्या रोखाने तिरकी बसवलेली असते, म्हणून त्याचे आकडे उलटेसुलटे होत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात यंत्रे, विजेच्या मोटारी, स्क्रू हे सगळे ठरावीक मापांत बनू लागले, आणि दूरवरच्या अनोळखी माणसाला लेखी सूचना द्यायची वेळ आली. सूर्य कारखान्यात दिसत नाही. खिशात, भिंतीवर, मनोऱ्यावर घड्याळ मात्र सगळीकडे होते आणि एकाच दिशेला फिरत होते. मग भाषांनी भराभर नवे शब्द घडवले. जर्मनीत घड्याळाच्या काट्याची दिशा, इटलीत सेन्सो ओरारियो, डचमध्ये घड्याळासोबत आणि घड्याळासमोर, चिनीत काट्याला अनुकूल आणि प्रतिकूल, जपानीत तोकेइ-मावारी, म्हणजे घड्याळ-फेरा. फारसीने साअतगर्द असा एकाच शब्दाचा सुबक तुकडा पाडला. मराठीला हेवा वाटावा असा. अरबीत घड्याळाच्या काट्यांना विंचू म्हणतात, त्यामुळे तिथे दिशा "घड्याळाच्या विंचवांसोबत" अशी सांगितली जाते. फ्रेंचांनी मात्र दोन हिशेब ठेवले. घरात घड्याळाच्या काट्यांची दिशा सरळ, आणि गणिताच्या वर्गात उलटी दिशा सरळ: तिला ते "त्रिकोणमितीची दिशा" म्हणतात. आपल्याकडेही त्रिकोणमितीत काट्याविरुद्ध फिरणारा कोन धन असतो आणि काट्याप्रमाणे फिरणारा ऋण. वर्गात हे पहिल्यांदा ऐकणारी मुले दरवर्षी "असे का?" म्हणून विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

घड्याळाचा आधार तरी अढळ आहे का? प्रागच्या जुन्या ज्यू वस्तीत टाउन हॉलवर हिब्रू अक्षरांचे एक घड्याळ आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून त्याचे काटेही उलटे फिरतात. जून २०१४ मध्ये बोलिव्हियात ला पाझ येथे संसदेच्या इमारतीवरचे घड्याळ आकड्यांसकट उलटवण्यात आले. परराष्ट्रमंत्री डाविद चोकेवांका यांनी त्याला दक्षिणेचे घड्याळ म्हटले: दक्षिण गोलार्धात सावली अशी फिरते, मग आम्ही उत्तरेचा काटा का पाळायचा? राजकारण म्हणून हे चोख होते. सावलीच्या बाबतीत ला पाझ पुण्याच्याच पंगतीतले, मकरवृत्ताच्या अलीकडे, त्यामुळे डिसेंबरातल्या दुपारी तिथल्या उभ्या काठीची सावली नेमकी उत्तरेच्या घड्याळासारखी वळते. छत्तीसगडमध्ये गोंड समाजातल्या अनेक घरांत उलटे फिरणारे घड्याळ असते. पृथ्वी त्या दिशेने फिरते आणि आमच्या लग्नातले फेरेही त्याच दिशेने होतात, असे ते सांगतात. अशा घरात वाढलेल्या पोराला "काट्याप्रमाणे फिरव" सांगितले तर तो कोणत्या बाजूला फिरवील?

कुणाच्या बाजूने पाहायचे

पाहणारा कुठे उभा आहे हे न सांगितल्याने काय होते, त्याचा उत्तम नमुना म्हणजे शंख. पूजेचा शंख एका समुद्री गोगलगाईचे कवच आहे. प्राणिशास्त्रज्ञ कवच हातात धरतो ते टोकदार शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून. तोंड उजवीकडे दिसले तर उजवा, डावीकडे दिसले तर डावा. आपण शंख धरतो नेमका उलटा, वेटोळ्यांचा शेंडा खाली आणि पन्हळीचे टोक वर. त्यामुळे लाखोंनी मिळणारा साधा शंख शास्त्रज्ञाच्या लेखी उजवा आणि आपल्या लेखी वामावर्ती. लाखांत एखादा सापडणारा, मोठ्या किमतीचा दक्षिणावर्ती शंख शास्त्राच्या पुस्तकात डावा म्हणून नोंदलेला असतो. चूक कुणाचीच नाही. बाजारात फसवणूक होते ती वेगळ्या कारणाने: अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका दुसऱ्याच जातीची गोगलगाय जन्मतः तशी असते, आणि तिची कवचे इथे दक्षिणावर्ती म्हणून खपवली जातात. उजव्या सोंडेच्या गणपतीबद्दलही नवखा माणूस आधी हेच विचारतो, उजवी म्हणजे कुणाची? गणपतीची.

वेलींच्या बाबतीत वनस्पतिशास्त्रज्ञांचे दोन तट पडले. एकाने स्वतःला आधाराच्या काठीच्या जागी कल्पून वेलीचा पीळ पाहिला, दुसऱ्याने बाहेरून, आणि दोघांच्या पुस्तकांत डावे-उजवे अदलाबदल झाले. डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वेलींवर प्रदीर्घ लेख लिहिला तेव्हा त्याने डावे-उजवे बाजूला ठेवून जुना सूर्यच जवळ केला: ही वेल सूर्यासोबत फिरते, ती सूर्यासमोर. त्याच्या टेबलावर सेरोपेजियाची एक वेल होती; आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या कुळातली, पण श्रीलंकेकडच्या जातीची. तिचा ३१ इंचांचा कोवळा शेंडा सूर्याविरुद्ध फेऱ्या घालत होता. एक फेरी सव्वापाच ते पावणेसात तासांत, पाच फुटांहून मोठ्या वर्तुळात, आधार चाचपडत. इंग्लंडच्या केंट परगण्यात बसून लिहिताना सूर्य कुठून जातो याबद्दल त्याला शंका नव्हती.

जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमपुस्तकाने घड्याळही टाळले आणि सूर्यही. धावण्याची दिशा कोणती, तर डावा हात आतल्या बाजूला. बस. मैदान वरून पाहा की खालून, नियम बदलत नाही, कारण पाहणारा त्यात नाहीच. आहे तो धावणारा आणि त्याचा हात. परिक्रमेच्या नियमासारखाच हा नियम, फक्त हात दुसरा. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये धावपटू उलट दिशेने, उजवा हात आत ठेवून धावले होते.

गॅरेजमध्ये यातले काहीच कुणी बोलत नाही. तिथे नट आवळतात किंवा सोडतात, आणि दिशा त्या क्रियापदात आलेली असते. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, नाहीतर पाय मारता मारता ते सैल होत जाईल. त्या पेडलवर पाना लावून "काट्याच्या दिशेने फिरव" सांगितले तर पेडल सुटून हातात येते; "आवळ" सांगितले तर पोरगा दोन्ही बाजूंना जरा जरा फिरवून पाहतो आणि आवळतो.